उष्टं ताट आणि माझं पचन

पचन हा शब्द मी सासरी ऐकला. माहेरी आम्हाला पोट होतं, पचन नव्हतं. पोट भरायचं, नाहीतर रिकामं राहायचं; मधली भानगड कुणाला ठाऊक नव्हती. दिवसभर मिठागरात मीठ ओढून, पाट्या वाहून आलेल्या माणसापुढे भाकरी आणि जवळ्याचं कालवण आलं की तो ते खायचा आणि झोपायचा. त्या अन्नाचं पुढे काय होतं याची चौकशी करायला तो जागा नसायचा. कुणाचं पोट दुखलंच तर आई ओवा चावायला द्यायची आणि म्हणायची, "जिरंल." तेवढंच आमचं वैद्यक.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा माझं लग्न झालं आणि मी उरणच्या बाजूच्या खेड्यातून पनवेलीत आले. सासरचं घर बाजारपेठेच्या मागच्या आळीत. पुढच्या खोलीत भाताची पोती, मागे आमचं राहणं. सासऱ्यांचे वडील आमच्यासारखेच मिठागरातले. सासऱ्यांनी स्वतःच्या लग्नाआधीच पनवेलीत येऊन भाताच्या व्यापारात चार पैसे मिळवले आणि पैशापाठोपाठ घरात रीती आल्या. आजूबाजूच्या मोठ्या घरांतून जे जे चालतं ते ते आमच्या घरी उचललं गेलं. बोलणं बदललं. 'हाय-नाय' गेलं, 'आहे-नाही' आलं. मी तोंड उघडलं की सासूबाई माझे शब्द दुरुस्त करायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

या घराचा दिवस पचनाने उजाडायचा. सासरे सकाळी परसातून आले, हातपाय धुऊन चहाला बसले की पहिला अहवाल यायचा. आज साफ झालं, किंवा आज नाही झालं, आणि झालं तर कसं झालं. रंग, वास, घट्ट की सैल, सगळं. पोह्यांची ताटली समोर असायची आणि तिच्यावर लिंबू पिळता पिळता हे सांगणं चालायचं. मग मुलाला प्रश्न, "तुझं?" मुलगा, म्हणजे माझा नवरा, तोही चहा फुर्र करून पीत पीत आपलं सांगायचा. दाराशी एखादा अडत्या येऊन बसला तर त्यालाही विचारायचे. तोही संकोच न करता सांगायचा. मी चुलीपाशी पदर नाकाला लावून बसायची आणि मनात म्हणायची, ही माणसं आहेत की गुरांच्या बाजारातले पारखी?

बरं, हे पचन पोटापुरतं असतं तरी बरं. त्या घरात ते सगळ्या जगाला लावलेलं होतं. कुणी धंद्यात बुडाला, तर त्याला पैसा पचला नाही. शेजारचा मुलगा मॅट्रिकला नापास झाला, तर शिक्षण पचलं नाही. एखादा चोरी करून सुटला, तर पठ्ठ्याने पचवलं, आणि हे सांगताना सासऱ्यांच्या आवाजात कौतुक असायचं. सून चार शब्द जास्त बोलली किंवा दुपारी जरा आडवी झाली, की हिला सुख पचत नाही. जगात दोनच जाती होत्या, पचवणारे आणि न पचवणारे. आपलं घराणं पहिल्या जातीतलं याचा सासऱ्यांना फार अभिमान. जेवण झाल्यावर ते डावा हात पोटावर गोल गोल फिरवायचे आणि आळीत ऐकू जाईल अशी ढेकर द्यायचे.

मोठ्या घरांतून उचललेल्या रीतींत एक रीत ताटाची होती. बायकोने नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं. लग्नात एकदा घास भरवायचे आणि उष्टं खायचं ते मला ठाऊक होतं, त्यात थट्टामस्करी असते. हे तसं नव्हतं. हे रोजचं, दोन वेळचं होतं.

पहिली दुपार मला जशीच्या तशी आठवते. पुरुषांची पंगत उठली. नवऱ्याचं ताट माझ्याकडे सरकवण्यात आलं. शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. त्याने शेंगा चावून, चोखून, त्यांचा चोथा ताटाच्या कडेला रचून ठेवला होता. केसांचा गुंता असतो तसा दिसत होता. त्याच्याजवळ बोंबलाचे काटे. मधोमध ताकभाताचा ओघळ, आणि त्या ओघळात त्याने बोटं बुडवून धुतली होती, कारण उठून मोरीवर जायचा त्याला कंटाळा. त्या पाण्यात भाताची शितं आणि आमटीचा तेलकट तवंग फिरत होता. आत्याबाईंनी चोथा नि काटे हाताने बाजूला केले, ताट तिरकं करून पाणी तेवढं ओतून टाकलं आणि उरलेल्या राडीवर गरम भात वाढला. म्हणाल्या, "बस."

मी बसले. पहिला घास घशापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला. मी तोंड दाबून परसात पळाले आणि केळीच्या बुंध्याशी ओकले.

आता कुणी म्हणेल, खेड्यातली पोर ती, तिला एवढे नखरे कसले? त्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माहेरी आम्ही भावंडं एकाच परातीत जेवायचो. आई-बापही त्यातच. पाच-सहा हात एका कालवणात बुडायचे. कुणाच्या नाकाला शेंबूड, कुणाच्या नखात चिखल. मला कधी काही वाटलं नाही. उष्ट्याची किळस मला नव्हतीच. परातीत सगळ्यांचे हात एकदम पडत होते. इथे एकाचं पोट भरल्यावर, त्याने चोखून टाकल्यावर, बोटं धुतल्यावर जे उरलं ते माझं होतं. किळस त्याची होती. पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त केळीकडे पळायची.

दोन-तीन आठवडे असं चालल्यावर घरात आनंदीआनंद झाला. सुनेला कोरड्या लागल्या, दिवस गेले! आत्याबाईंनी माझी दृष्ट काढली, सासऱ्यांनी पेढे आणले. ते पेढे पानावर ठेवून दिले होते, ते मी सगळे खाल्ले. ते राहिले पोटात. मग एक दिवस मला कावळा शिवला आणि सगळ्यांची तोंडं उतरली.

कावळा शिवला म्हणजे मागच्या पडवीत बाजूला बसायचं. मला तिथे एक वेगळी जर्मनची थाळी होती, पोचे आलेली, कडा चेपलेली. आत्याबाई लांबून, वरून वाढायच्या, अंगावर शिंतोडा उडू नये म्हणून. त्या दिवसांत माझी सावली कुणाला चालत नव्हती. आणि तेवढ्याच दिवसांत मी पोटभर जेवत होते. दोनदा भात मागून घ्यायची. रात्री कुशीवर वळले की पोट जड लागायचं आणि मला बरं वाटायचं. विटाळात होते तेव्हाच माझं ताट स्वच्छ होतं, दुसरं काय?

चौथ्या दिवशी न्हाऊन घरात घेतलं की पुन्हा नवऱ्याचं ताट, पुन्हा केळीचा बुंधा.

मग ठरलं, की सुनेचं पचन बिघडलेलं आहे.

वैद्य आले. आळीच्या टोकाला राहायचे. गंध लावलेले, अंगाला हिंगाचा वास. नाडी बघायला माझा हात धरायचे आणि प्रश्न आत्याबाईंना विचारायचे. भूक लागते का? घास कुठवर जातो? मळ बांधून होतो का? आत्याबाई सगळ्याची उत्तरं द्यायच्या, जणू माझं पोट त्यांच्याच पदरात बांधलेलं होतं. त्यांनी पडवीतल्या दिवसांचंही सांगितलं. वैद्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. त्या दिवसांत शरीरातली उष्णता वाढते, अग्नी पेटतो, अन्न पचतं. एरवी अग्नी मंद." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मात्र हसावं की रडावं अशी गत झाली.

औषधं सुरू झाली. जेवणाआधी आलं-सैंधव, जेवणानंतर शंखवटी, रात्री सुंठीच्या काढ्यातून एरंडेल. ते एरंडेल! वाटीच्या कडेवरून जिभेवर हळूहळू सरकत येणारं, जाडसर, कोमट. ते प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी परसात किती वेळा गेले याची चर्चा चहाच्या वेळी व्हायची, आणि सासरे माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आपुलकीने बघायचे. आता मीही अहवाल देणाऱ्यांत जमा झाले होते.

वैद्यांना शिकवण्याची हौस होती. एकदा ओसरीवर बसून त्यांनी मला पचन समजावून सांगितलं. अन्न आत जातं, अग्नी त्याचे दोन भाग करतो. सार अंगाला लागतं, असार बाहेर पडतं. "याला पचन म्हणतात, सूनबाई. ज्याला हे जमत नाही त्याला अन्नच विष होतं." मी मान खाली घालून ऐकलं. मनात म्हटलं, सार-असाराची वाटणी माझ्या पोटात पोचायच्या आधीच ताटात होऊन जाते. सार नवऱ्याने खाल्लं, असार माझ्यापुढे आलं. आता माझा अग्नी कशाचे दोन भाग करणार? पण हे बोलायची सोय नव्हती. ताटाला नाव ठेवणं म्हणजे नवऱ्याला नाव ठेवणं.

आणि नवऱ्याचं काय सांगू? तो दुष्ट नव्हता. एकदा त्याने विचारलंही, "बरं वाटत नाही का तुला?" मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. दातांत शेवग्याचा दोरा अडकला होता, तो नखाने काढून त्याने ताटाच्या कडेला पुसला. मी म्हटलं, "नाही, बरं आहे."

श्रावण गेला, गणपती गेले. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मग एके दिवशी आत्याबाईंनी सरळ सांगून टाकलं. दिवाळीपर्यंत सुधारली नाही तर माहेरी पोचवून द्यायचं. सडकी पोर गळ्यात मारली आमच्या, दुसरी बघता येईल. माझ्या आईला निरोप गेला.

टाकलेली बाई म्हणजे काय ते मी गावात पाहिलं होतं. आमच्याच वाडीत एक होती. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे नाहीत, बोलवलंच तर दाराशी बसवायचे, आणि भावाच्या घरात ती सगळ्यांच्या मागून जेवायची. म्हणजे उष्टंच. एका माणसाचं नको म्हणून परत जायचं आणि सगळ्या घरादाराचं खायचं, एवढाच फरक.

आई एसटीने आली. डोक्यावर पाटी, पाटीत सुके बोंबील आणि सोडे. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही अशी आमच्याकडची रीत, म्हणून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तशीच कोरडी बसली. पुरुष जेवत होते. त्या दिवशी नेमक्या चिंबोऱ्या होत्या. नवऱ्याला फार आवडायच्या. नांग्या दाताने फोडायचा, आतलं मांस चोखून घ्यायचा, कवच चावून चावून बारीक करायचा आणि थुंकायचा ताटात. सासरेही तेच. खोलीत फक्त चोखण्याचा आवाज होता. ते उठले तेव्हा दोन्ही ताटांत तांबड्या कवचांचा, लाळेचा आणि रश्शाचा चिखल झाला होता.

आत्याबाईंनी सासऱ्यांचं ताट स्वतःकडे ओढलं, नवऱ्याचं माझ्याकडे सरकवलं. कवचं बाजूला केली, भात वाढला. मग माझ्या आईला म्हणाल्या, "बघा विहीणबाई. तुमच्यासमोरच बघा, तुमच्या मुलीला अन्न कसं पचत नाही ते."

आईने ताटाकडे पाहिलं. माझी आई अडाणी असेल, पण आंधळी नव्हती. एका नजरेत तिला सगळं कळलं, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. मला वाटलं आता ती बोलेल. ती उंबऱ्यावरून पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "डोले मिट नि गिल, बाय. सवय व्हते."

मी हात भातापर्यंत नेला आणि मागे घेतला.

"परत आलीस तं तुला ठेवू कुठं?" तिचा आवाज फुटला. "गिल गो."

मी घास केला. भातात कवचाचा एक तुकडा होता, तो बोटाला लागला. तो कुणाच्या दाताखालून आला होता ते मला माहीत होतं. मी घास खाली ठेवला. माझं शिकवलेलं पनवेली बोलणं कुठल्या कुठे गेलं. "आये, माझे पोटाला काय नाय झाला," मी म्हटलं. "मना किलस येते. ह्या ताटाची किलस येते."

त्या घरात पोटातलं सगळं बोललं जायचं. परसातलं सगळं बोललं जायचं. किळस हा शब्द मात्र तिथे कधी कुणी काढला नव्हता. आई डोक्याला हात लावून बसली. आत्याबाई आता माझा हात धरून मला बाहेर काढणार असं मला वाटलं.

आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्यापुढे सासऱ्यांचं ताट होतं. त्या म्हणाल्या, "किलस!" आणि तो शब्द त्यांनी आमच्यासारखाच उच्चारला, इतक्या वर्षांची पनवेल त्यांच्या तोंडातून गळून पडली. "किलस मना नाय येत? लगीन झाल्यापासून रोज येते. म्हनून काय ताट बदलाचा?"

त्यांनी कमरेची पितळी डबी काढली. ती डबी मी रोज बघत होते, मिशरीची समजत होते. त्यांनी ती उघडून आमच्या पुढ्यात आपटली. आत शंखवट्या होत्या. काळ्या, मिरीएवढ्या. त्यांतल्या दोन त्यांनी तोंडात टाकल्या, वर पाणी प्यायल्या आणि सासऱ्यांच्या ताटातला भात कालवायला लागल्या. आम्ही दोघी बघत होतो. त्यांनी ताट संपवलं. कवचाचे तुकडे जिभेने बाजूला सारून, एक एक काढून, त्यांनी तो भात संपवला. मी आयुष्यात याहून ओंगळ काही पाहिलेलं नाही.

हात धुऊन आल्या आणि पुन्हा पनवेलीच्या झाल्या. नवऱ्याचं ताट माझ्यापुढून उचललं, फळीवरच्या पत्रावळींच्या चवडीतली एक काढली, माझ्यापुढे मांडली, भात वाढला. आईला म्हणाल्या, "हिचं पचन नाजूक आहे, विहीणबाई. काही काही मुलींचं असतं. हिला पानावरच जेवायला लागेल." आईने पदर डोळ्याला लावला आणि संध्याकाळच्या गाडीने गेली.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी स्वतः वैद्यांकडे जाऊन हे पानाचं त्यांच्या गळी उतरवलं. वैद्यांना कारण सापडायला कितीसा वेळ? पत्रावळीचा पळस अग्नी वाढवतो, म्हणाले, आपण हे आधीच सांगायला हवं होतं. सासऱ्यांना पटलं, नवऱ्याला पटलं. दिवाळीत मी चकल्या तळत होते आणि माझ्या बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या होत्या. आळीत मी 'पचनाची सून' झाले. कुणाकडे पंगतीला गेले तरी बायका दयेने म्हणायच्या, हिला पान द्या गं, हिला पचत नाही. मी मुकाट्याने ती दया खाल्ली. ती निदान कुणी चोखलेली नव्हती.

एवढं असूनही आत्याबाईंना मी कधी माफ करू शकले नाही. त्यांनी मला वाचवलं, मान्य. पण किळस खोटी ठरवूनच वाचवलं. रीत तशीच सोवळ्यात राहिली आणि खोट राहिली माझ्या पोटात. आणि त्या स्वतः? सासरे म्हातारे झाले, दात गेले. मटणाचा तुकडा चघळून चघळून त्याचे पांढरे गोळे ताटाच्या कडेला लावून ठेवायचे. खोकला आला की ताटातच. आत्याबाई त्याच ताटात जेवायच्या. एकदा मला राहवलं नाही. मी माझ्याशेजारी दुसरी पत्रावळ मांडली आणि म्हटलं, "आत्याबाई, तुम्हीही पानावर घ्या ना आता."

त्यांनी पत्रावळ उचलून फळीवर ठेवली. "माझं पचन उत्तम आहे," म्हणाल्या, आणि सासऱ्यांचं ताट ओढून घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून जेवले.

सासरे गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले, घर पुन्हा आपल्या वळणावर आलं. मी बाजारातून एक नवं ताट आणलं होतं. पितळी, चकचकीत, त्यात कुणी कधी जेवलं नव्हतं. त्यात आत्याबाईंना भात वाढला, शेवग्याची आमटी वाढली, लिंबाची फोड ठेवली. विटाळाची थाळी सोडली तर लग्न झाल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं स्वतःचं ताट. सांगायला लाज वाटत नाही, मला फार आनंद झाला होता. मी माझं पान घेऊन समोर बसले.

त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला. दुसरा घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. मग इकडेतिकडे बघितलं. नवरा जेवून नुकताच दुकानात गेला होता. त्याचं ताट पलीकडे भिंतीशी पडलेलं होतं, कडेला शेंगांचा चोथा, मध्ये बोटं धुतलेलं पाणी.

"तुझ्या नवऱ्याचं ताट उचललंस का गं?" आत्याबाईंनी विचारलं. आवाज अगदी लहान, लेकराने खाऊ मागावा तसा.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कितीतरी वर्षांनी केळीच्या बुंध्याची ती चव घशाशी आली.

"उचललं," मी म्हटलं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उठून ते ताट मोरीत नेलं. राख घेतली आणि घासायला बसले. घासून झालं तरी घासत राहिले. मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांच्या नव्या ताटातला भात तसाच होता आणि त्या कमरेची डबी चाचपत होत्या.